समुद्राचं पाणी सरळ इलेक्ट्रोलायझरमध्ये का चालत नाही?

प्रश्न : सौदी अरेबियातल्या निओम प्रकल्पात समुद्राचं पाणी गोडं करून हरित हायड्रोजन काढणार आहेत. खारं पाणीच का वापरत नाहीत? गोडं करण्यातच निम्मी वीज जात असेल ना? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विजेचं आधी सांगतो, कारण हिशेब तिथेच चुकतो. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं, घट धरून १० ते ११. समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट लागतात, म्हणजे ११ लिटरला जेमतेम ०.०४ युनिट. तेच पाणी इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणाऱ्या यंत्रात, फोडायला मात्र ५० ते ५५ युनिट! मग गोडं करण्यात कंजुषी कशाला?

खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. त्यामुळे ॲनोडवर (ऑक्सिजन निघतो त्या टोकावर) ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघू लागतो आणि धातू खातो. कॅथोडवर (हायड्रोजन निघतो त्या टोकावर) मॅग्नेशियमचा पांढरा थर धरतो, गीझरच्या कॉइलवर क्षार साचतात तसा.

आरओच्या पहिल्या फेरीनंतरही लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम क्षार उरतात. प्यायला ते पाणी ठीक, इलेक्ट्रोलायझरला नाही. म्हणून दुसरी फेरी, मग मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणारे मणी. पीईएम (मधे प्लास्टिकचा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन असलेल्या) प्रकाराच्या इलेक्ट्रोलायझरला पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता, क्षार कमी तितकी ती कमी) १ मायक्रोसीमेन्सच्या खाली हवीच, ०.१ असेल तर उत्तम. निओममधले इलेक्ट्रोलायझर अल्कलाइन (क्षारधर्मी द्रावणावर चालणाऱ्या) प्रकारचे आहेत, ते थोडं जास्त सोसतात.

दोन चुका वारंवार होतात. शेवाळं मारायला घातलेलं क्लोरीन सोडियम मेटाबायसल्फाइटने काढायचं राहिलं, तर आरओचा मेम्ब्रेन जळतो. दुसरी चूक जास्त घातक. कंडक्टिव्हिटीचा मीटर फक्त पाणी आत येतं तिथे बसवतात, पण लोखंडाचा अंश आतल्या फिरत्या पाण्यात पाइपांमधूनच उतरतो. पीईएमच्या मेम्ब्रेनमध्ये तो बसला की मेम्ब्रेन हळूहळू झिजून पातळ होतो आणि हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. ते प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं तर स्फोटाचा धोका. म्हणून फिरत्या पाण्याचा काही भाग सतत रेझिनमधून जाऊ द्या आणि मीटर तिथेही लावा. शुद्ध पाण्याची टाकी उघडी ठेवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनच कंडक्टिव्हिटी १ च्या आसपास चढते.

प्रश्न : उरलेल्या खाऱ्या पाण्याचं काय?

उत्तर : १०० लिटरमधून ४० ते ४५ लिटर गोडं निघतं, बाकीचं जवळजवळ दुप्पट खारं होतं. ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. खाडीत किंवा उथळ किनाऱ्यावर ते अजिबात सोडू नये. प्रवाह असलेल्या खोल पाण्यात, बारीक तोंडांच्या नळीतून जोरात फेकावं, म्हणजे लगेच मिसळतं.