इतिहासाच्या सरांना विचारा: गाईड म्हणतात शिवकाल घे, सोपं पडेल

प्रश्न: सर, इतिहासात एमए झालंय, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पण निघाली. आता पीएचडीला नाव घालायचंय. गाईड म्हणतात शिवकालातलाच काहीतरी विषय घे, पुस्तकं ढीगभर आहेत, सोपं पडेल. मला मोडी (जुन्या कागदांची लिपी) येत नाही. काय करू? (एक वाचक, परभणी)

उत्तर: अहो, पुस्तकं ढीगभर आहेत हीच तर अडचण आहे! शिवकालातले अस्सल मराठी कागद त्या मानाने थोडे, आणि त्यातल्या बहुतेकांवर शंभर वर्षं वाद घालून झालेत, नवीन काही म्हणायचं तर फारसी, पोर्तुगीज, डच, इंग्रज वखारींची पत्रं असं सगळीकडे जावं लागतं. सोपं कुठलं, सगळ्यात अवघड आहे ते. मग होतं काय, चार पुस्तकं वाचून पाचवं तयार होतं आणि त्याला प्रबंध म्हणायचं.

त्यापेक्षा अठराव्या शतकात या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद पडलेत, रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये त्यातून ४५ खंड छापले तेही निवडकच, बाकी कागद रुमालात, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेलेच आहेत. तुमच्याच भागातला एखादा परगणा कागदात सापडतो का बघा, त्याचा वसूल, बाजार, दुष्काळातली सूट, काहीही. आधी कागद बघा, विषय मागून ठरवा. गाईडना हे पटायला वेळ लागेल, लागू दे.

मोडीचं म्हणाल तर अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येतात, पण शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, त्यामुळे नजर बसायला वर्ष जातं. आणि खरी दमछाक तारखांशी. वर्ष शुहूर सनातलं, म्हणजे त्या काळच्या दफ्तरी कालगणनेतलं, आणि तेही अरबी शब्दांत, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं, पण सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो म्हणून जानेवारीतल्या कागदाला ६०० मिळवायचे, तेव्हा कुठे पानिपत १७६१ ला येतं. पत्रं वाचायला बसण्याआधी एवढं पक्कं करा, नाहीतर एका वर्षाची चूक अख्ख्या प्रकरणाला नडते.

प्रश्न: पण सर पीएचडी नसेल तर नोकरी मिळेल का? (तेच वाचक, सोबतच्या चिठ्ठीत)

उत्तर: नियमाने मिळू शकते. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. पण जागाच निघत नाहीत ना, सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासाच्या हिशोबाने शिकवणारी कितीतरी हुशार मुलं आहेत, कॉलेज बंद की मानधन बंद. म्हणून घरचा खर्च कशावर चालणार ते आधी ठरवा, प्रबंधाला तीन ते सहा वर्षं धरा.

प्रश्न: माझे मिस्टर मराठी शिकवतात. दुपारी घरी आले की शेजारी म्हणतात, मजा आहे बुवा तुमची! काय सांगू त्यांना? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली घेऊन मिस्टर बसतील तेव्हा बोलवा शेजाऱ्यांना, शिक्के मारायला माणसं लागतातच.