खेळाचे संकेतस्थळ की अभ्यासाला बगल?

“मॅडम, विचारले की म्हणते, मी खेळत नाही, वेबसाइट बनवते आहे. पण ती वेबसाइटही त्या गेमचीच! मग फरक काय पडला?” चौदा वर्षांच्या मुलीच्या आईने समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत विचारलेला हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने अनेक पालकांकडून ऐकायला मिळतो. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.) मुलगी माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाची निस्सीम चाहती होती, गणिताचे गुण घसरले होते आणि रात्री उशिरापर्यंत तिचा लॅपटॉप उघडा असे. बोलताना आईच्या तोंडून दोनदा ‘व्यसन’ हा शब्द आला आणि दुसऱ्यांदा तो ऐकल्यावर मुलगी जी गप्प झाली, ती त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही.

हा शब्द मी सहजासहजी वापरू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरचा, म्हणजे खेळण्याच्या विकाराचा, समावेश आहे. परंतु त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे न थांबणे ही लक्षणे साधारणपणे किमान 12 महिने दिसावी लागतात आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात ठळक बाधा यावी लागते. या मुलीच्या मैत्रिणी टिकून होत्या, शाळा बुडत नव्हती. झोप मात्र पाच तासांवर आली होती आणि त्याबाबतीत आईची काळजी शंभर टक्के रास्त होती.

पहिल्या भेटीत माझे एक चुकले. मी तिच्याकडून आठवड्याच्या वेळेचा हिशेब लिहून मागितला आणि तिने ‘वेबसाइट – तीन तास’ असे रोज लिहून आणले, ज्यातून काहीच कळले नाही. तासांची बेरीज करण्याआधी त्या तासांत काय घडते ते पाहायला हवे होते. म्हणून दुसऱ्या भेटीला मी तिला लॅपटॉप घेऊन बोलावले आणि आईला तिच्या शेजारची खुर्ची दिली.

तिचे संकेतस्थळ म्हणजे त्या खेळात कोणती वस्तू कशी बनवायची याची सचित्र वही होती. खेळात तीन बाय तीन चौकटींची एक जाळी असते आणि तिच्यात साहित्य ठरावीक जागी मांडले की वस्तू तयार होते. पेटी बनवायची तर आठ फळ्या कडेने मांडून मधली चौकट रिकामी सोडावी लागते. तिने एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानावर काय असेल ते लिहिण्याच्या भाषेत, फळीची आठ चित्रे लिहिली आणि पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या ग्रिडला, म्हणजे चौकटींच्या जाळीला, तीन स्तंभ दिले, तर मधली जागा भरून गेली आणि रिकामी चौकट खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली. दोन संध्याकाळी ती त्यात अडकली होती. “मग माझ्या लक्षात आले,” ती आईकडे वळून म्हणाली, “रिकामी जागासुद्धा लिहावी लागते. मी पाचवी चौकट लिहिलीच नव्हती, मग त्याला कसे कळणार?” आई बराच वेळ त्या नऊ चौकटींकडे पाहत राहिली.

लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले सीमोर पॅपर्ट आग्रहाने मांडत, की स्वतःला जिव्हाळ्याची वाटणारी आणि इतरांना दाखवता येईल अशी वस्तू घडवताना मूल विशेष चांगले शिकते. त्या दिवशी मला तेच दिसत होते. तरीही मी आईला स्पष्ट सांगितले, की यामुळे शाळेचे गणित आपोआप सुधारणार नाही आणि झोपेची भरपाई तर मुळीच होणार नाही. शिवाय आयता कोड चिकटवूनही पान उभे राहू शकते. ते ओळखण्यासाठी पालकांना प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, एखाद्या ओळीवर बोट ठेवून “ही काढली तर काय होईल?” एवढे विचारावे आणि मुलाला उत्तराचा अंदाज बांधून मग करून पाहू द्यावे.

आम्ही तिघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. खेळण्याचा वेळ आणि बनवण्याचा वेळ वेगवेगळा लिहायचा, रात्री दहानंतर लॅपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवायचा आणि रात्री सुचलेली कल्पना कागदावर काढून ठेवायची. पानावर स्वतःचे खरे नाव, शाळा किंवा छायाचित्र द्यायचे नाही आणि हे संकेतस्थळ खेळाच्या कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ नाही, असे ठळकपणे लिहायचे. पहिल्या आठवड्यात दहाची वेळ तीनदा मोडली. त्यावर रागावण्याऐवजी आम्ही ती साडेदहा केली आणि मग ती पाळली गेली.

पाचव्या भेटीपर्यंत तिने जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत लाकडाचा हिशेब करणारे पान तयार केले होते. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात आणि सहा फळ्यांची तीन दारे बनतात. आधी ते पान तीन दारांना दीड ओंडका सांगत असे; अर्धा ओंडका तोडता येत नाही, हे जाणवल्यावर तिने अपूर्णांक वरच्या पूर्णांकात बदलणारे ‘मॅथ.सील’ शोधून काढले होते. आईने कळफलक जवळ ओढला आणि दारांच्या रकान्यात 1 लिहिले. उत्तर आले, एक ओंडका.

“पण सहा फळ्यांशिवाय दार बनतच नाही ना?” आईने विचारले. “मग एका दारालासुद्धा दोन ओंडके लागतील.”

मुलीने पडद्याकडे पाहिले, मग आईकडे. “म्हणजे दारांच्या भागाकारालाही सील लावायला हवे,” असे म्हणत तिने ती ओळ उघडली आणि आईने आपली खुर्ची आणखी जवळ सरकवली.