पहिला पीसी स्वतः जोडतोयस ना, मग हे वाच

मित्रा, आधी एक सांगतो, सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात घालून पॉवर सप्लाय लोकल घेऊ नकोस. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते-येते बघतोस ना, तिथे स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे हाच पॉवर सप्लाय, गेला तर जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) असलेला घे, वॅट तुझ्या कार्डाप्रमाणे बघ.

ऑनलाइन भाव काढून ठेव आणि मग नाशिकच्या एमजी रोडला चक्कर मार, थोडा फरक असला तरी दुकानातून घे असं मी म्हणेन, वॉरंटीला धावपळ कमी होते. पक्कं बिल मात्र घेच. बोर्डाचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि रॅम जुळतंय का तेही बघ, एएम५ या एएमडीच्या सॉकेटच्या बोर्डात डीडीआर४ ही जुन्या प्रकारची रॅम बसतच नाही.

जोडताना घाई नको. थंडीत स्वेटर घालून तर अजिबात बसू नको, नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते, अंगावरच्या स्टॅटिक विजेचा झटका पार्टला बसतो, म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लाव. एएम५ च्या पिना सॉकेटमध्येच असतात, प्रोसेसर कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र जोर लावून, क्लिक ऐकू येईपर्यंत. माझ्या पहिल्या पीसीला रात्री २ वाजेपर्यंत डिस्प्ले नव्हता, सगळं खोलून परत जोडलं आणि शेवटी कळलं की रॅमची एक बाजू केसभर वर होती. रॅमच्या दोन स्टिक आणि बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये टाक.

आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लाव, बोर्डाला नाही. अडलास तर फोटो टाक, बघतो मी.