सांगोल्याचे गणपतराव देशमुख: काळा कोट आणि लाल बावटा

प्रश्न असा आहे की वकिली शिकलेला माणूस एकाच मतदारसंघातून 11 वेळा आमदार कसा होतो, आणि गणपतराव देशमुखांना त्यात वकिलीचा कितपत उपयोग झाला?

झाला, पण तो सुरुवातीला. आबासाहेब, म्हणजे गणपतरावच, मूळचे सांगोल्याचे नव्हेतच. गाव पेनूर, तालुका मोहोळ. पुण्यात कायदा शिकले आणि सांगोल्यात वकिलीला बसले. दुष्काळी तालुक्यात वकिलाच्या दारी येणार कोण? बांधाचा वाद, कुळाची जमीन, सावकाराचा कागद घेऊन आलेला शेतकरी. बाहेरून आलेल्या माणसाला घरोघरी ओळख मिळायला याहून चांगला रस्ता नाही. 1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, पहिल्यांदा निवडून आले.

पुढचं श्रेय मात्र मी वकिलीला देणार नाही. ते पाण्याला आणि पक्ष न सोडण्याला आहे. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून 13 दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. तालुक्यात सूतगिरणी काढली, बायकांची वेगळी काढली. मंत्रिपद दोनदाच: 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या. बाकी हयात विरोधी बाकांवर गेली. शेकाप राज्यभर आटत चालला होता, सत्ताधारी पक्षात जाऊन बसणं सोपं होतं. ते गेले नाहीत.

एसटीत पुढे आमदार-खासदारांसाठी राखीव जागा असते, ती पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. तिच्याखाली खरोखर आमदार बसलेला किती जणांनी पाहिलाय? गणपतराव एसटीने जायचे. अर्थात नुसत्या साधेपणावर मतं मिळत नाहीत, हेही खरं. श्रद्धांजलीच्या लेखांत त्याचंच कौतुक जास्त झालं, ते मला जरा खटकतं.

अकराचा आकडा सगळे सांगतात, दोन पराभव कुणी सांगत नाही. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी (होय, तेच ‘काय झाडी’वाले) अवघ्या 192 मतांनी पाडलं. 1999 ला पुन्हा निवडून आले आणि मग 2014 पर्यंत सलग. शेवटची जिंकली तेव्हा वय नव्वदीकडे झुकलेलं.

2019 ला स्वतःहून थांबले. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि त्याच शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापच्याच तिकिटावर निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार. दोन्ही नातू डॉक्टर, वकील कुणीच नाही.