घरच्या भूकंपमापकावर जपान-तुर्कीचे भूकंप खरंच नोंदवता येतात का, की ट्रक गेला तरी रेघ हलते? कोणतं यंत्र घ्यावं, खर्च किती?

येतात. एका शब्दात उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. पण तुम्ही ट्रकचा मुद्दा काढलात, आणि आमचे थोरले साडू वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत, म्हणून पुढचं लिहितोय.

मी इंदूरचा, रामबागेत जुनं घर आहे. जिन्याखाली पूर्वी सरपण ठेवायचे त्या जागेत माझा घरगुती भूकंपमापक, लेहमन पद्धतीचा आडवा लंबक, उभा आहे. फाटकाच्या बिजागऱ्या किंचित तिरक्या बसल्या की ते ढकलल्यावर सावकाश जातं आणि सावकाश परत येतं, तसाच हा दांडा. टोकाला सियागंजातून आणलेलं ५ किलोचं लोखंडी वजन, जुन्या स्पीकरचं चुंबक, आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याने हसत हसत गुंडाळून दिलेली बारीक तारेची कॉइल. एक झोका पुरा व्हायला २० सेकंदांच्या आसपास लागतात. सगळी मेख या २० सेकंदांत आहे.

६ फेब्रुवारी २०२३. साडू एका लग्नासाठी आमच्याकडे उतरले होते. सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात जे जे तारेने जोडलेलं असेल त्यावर त्यांचं मत असतंच. आदल्या रात्री जेवताना म्हणाले, "अहो, ही रेघ म्हणजे दूधवाल्याचा टेम्पो. भूकंप नोंदवायला सरकार बसलंय ना?" बायकोने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी गप्प बसलो.

सकाळी ६ वाजून ५४ मिनिटांनी स्क्रीनवरची रेघ थरथरली. पी लहर, म्हणजे भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी. सातच्या सुमारास तिच्या मागून येणारी एस लहर आली, चांगली ठसठशीत. दोघींमधला वेळ ५ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास; भूकंप जितका लांब तितका हा वेळ जास्त, आणि तक्त्यावरून तो निघाला सुमारे ४,००० किलोमीटरवर. कागदावर लिहिलं आणि साडूंना उठवलं. "चार हजार किलोमीटरवर मोठा भूकंप झालाय." त्यांनी डोळे चोळत विचारलं, "कुठल्या दिशेला?" आता एकट्या लंबकावरून दिशा कळत नाही. इंदूरभोवती ४,००० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर ते तुर्कीजवळूनही जातं आणि दक्षिण सुमात्रावरूनही. मी तसं सांगितलं. "म्हणजे कळलं काहीच नाही," असं म्हणून ते दात घासायला गेले.

तेवढ्यात पृष्ठलहरी आल्या, जमिनीच्या पृष्ठभागावरून मागाहून येणाऱ्या. रेघ स्क्रीनच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जायला लागली, २०-२० सेकंदांचे झोके, एकामागून एक, आणि पुढे कितीतरी वेळ विरत जाणारे. ७.८ तीव्रता आणि हे अंतर सूत्रात घातलं तर इंदूरची जमीन तेव्हा मिलिमीटरच्या घरात पुढे-मागे होत होती असं निघतं. राजवाडा, सराफा, बेसिनपाशी उभे आमचे साडू, सगळे हलत होते, पण इतके सावकाश की कुणालाच पत्ता नाही. ट्रकची थरथर सेकंदाला पाच-दहा वेळा होते आणि गाडी पुढे गेली की संपते. २० सेकंदांत एकदा पुढे-मागे होणारा टेम्पो अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्यावर तुम्हीसुद्धा पुन्हा हे विचारणार नाही.

थोड्या वेळाने साडूंच्याच मोबाईलवर बातमी आली: तुर्की. माझ्या चेहऱ्यावर हसू असणार, कारण बायको म्हणाली, "तिकडे माणसं गाडली गेली असतील, आणि तुमचं काय चाललंय!" त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तुर्की आणि सीरियात मिळून ५०,००० हून जास्त माणसं गेली.

नऊ तासांनी तिकडेच दुसरा झाला, ७.५ चा. त्याची पी लहर चारच्या सुमारास इंदूरला पोचली तेव्हा साडू स्क्रीनसमोरच चहा घेत होते. मी खिडकी उघडून रिकामा रस्ता दाखवला. मग साडूंनी मुद्दाच बदलला. "मोबाईलवर कळतंच की, हा खटाटोप कशाला?" आणि मांडवात चारचौघांत, "एवढं आहे तर आधी का नाही सांगत?" भूकंपमापक झालेला भूकंप नोंदवतो. आधी कुणीच सांगू शकत नाही, साडू ज्याच्या नावाने शपथ घेतात ते सरकारही नाही.

घरचं यंत्र म्हणजे खेळणं, असं तुम्हालाही कुणी ऐकवेल. लांबचा भूकंप यंत्रावर ओळखला गेला तो पहिल्यांदा १७ एप्रिल १८८९ चा, जपानमधला, आणि नोंद झाली जर्मनीत पॉट्सडॅमला. जर्मन शास्त्रज्ञ रेबॉयर-पाश्विट्झ यांचा तो आडवा लंबकच होता, आणि भूकंपासाठी बसवलेलाही नव्हता. इंग्रज भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न १८९५ मध्ये जपानहून परतले आणि इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या आपल्या राहत्या घरी जगभरच्या भूकंपांच्या नोंदी गोळा करत बसले. राहत्या घरी! हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "ते साहेब होते."

आता कोणतं घ्यायचं. लांबचे मोठे भूकंपच हवे असतील तर बाजारातली तयार भूकंपमापक पेटी घेऊ नका, लंबक बनवा. पेटीत बहुतेक वेळा ४.५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साडेचार कंपनांवर बेतलेला, जिऑफोन (जमिनीची थरथर टिपणारा संवेदक) असतो. त्याखालच्या वारंवारतेला त्याची संवेदना वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २० सेकंदांच्या लहरीला तो जेमतेम आठ हजारांतल्या एका भागाइतकी दाद देतो. साडूंच्या मुलाने मुद्दाम तशीच पेटी घेतली. दिसायला सुंदर आहे. ३० जुलै २०२५ ला पहाटे कामचात्काचा ८.८ झाला तेव्हा तिच्यावर पी लहर छान उमटली, पुढचा खरा थाट, म्हणजे पृष्ठलहरी, पुसट. आमच्या जिन्याखाली दांडा अडसरांवर आपटत होता.

पण हेही सांगायला हवं: काही पेट्यांत इलेक्ट्रॉनिक्सने खालची मर्यादा बरीच ताणलेली असते, आणि नर्मदा खोऱ्यातला एखादा छोटा, जवळचा धक्का पकडायचा असेल तर पेटीच बरी. तिथे माझा लंबक कुचकामी. फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहत असाल तर लंबकाचं नावच काढू नका, इमारतच वाऱ्याने डुलते.

आमच्यासारखी काळी माती असेल तर यंत्र फरशीवर ठेवू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दांडा एका बाजूला जाऊन टेकतो. फरशी फोडून मुरूम लागेपर्यंत खणा आणि फरशीपासून सुटा काँक्रीटचा ओटा बांधा. वर काचेची पेटी हवी, नाहीतर झुळुकीने आणि कोळ्यांनी वीट येईल. पावसाळ्यात रेघ सतत पाच-सात सेकंदांची लय धरते; बिघाड समजून स्क्रू पिळत बसू नका. तो समुद्र आहे, शेकडो किलोमीटरवरचा.

खर्चाचा आकडा देत नाही. हिशेब लिहून ठेवला असता तर तो बायकोच्या हाती लागला असता.

संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. रेघ हलली की बातम्या बघायच्या आधी पी-एसच्या वेळा आणि अंतर कागदावर लिहा, आणि घरातल्या कुणाची तरी सही घ्या. माझ्या तुर्कीच्या कागदावर सही नाही, आणि साडू आता सांगत फिरतात की अंतर मी बातमी वाचून लिहिलं.