बारावीनंतर ऑस्टिओपॅथ व्हायचं असेल तर सहा महिन्यांचा कोर्स पुरेल का?

खानापूरच्या तुमच्या पुतण्याची बारावी सायन्स झालीय, त्याला ऑस्टिओपॅथ, म्हणजे सांध्या-स्नायूंची दुखणी हातानं तपासून हातानंच उपचार करणारा, व्हायचंय आणि कुणीतरी सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं सरळ मत: तो कोर्स करू नये. आधी फिजिओथेरपीची पदवी घ्यावी, मग ऑस्टिओपॅथी शिकावी. मी याच वाटेनं आले आणि आता निपाणीत दवाखाना चालवते.

माझे आज्जा तालमीचे वस्ताद. कुणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला की लोक त्याला आमच्या सोप्यात आणून बसवायचे. आज्जा लगेच ओढाताण करत नसत. बराच वेळ दुखऱ्या जागी तळवा ठेवून बसायचे. कुठं ऊन लागतंय, कुठं ताठलंय ते बोटांनी शोधायचे. पुढं ऑस्टिओपॅथीच्या वर्गात डोळे मिटून पाठीवर हात ठेवायला सांगितलं, तेव्हा मला तो सोपाच आठवला. हाताची ही समज वर्षानुवर्षं माणसं तपासून येते, सहा महिन्यांत येत नाही.

पण नुसत्या हातानं भागत नाही. एक बिड्या वळणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या. ‘सोंट नोव’, म्हणजे कानडीत कंबर दुखतेय, एवढंच सांगत होत्या. त्याआधी तीन आठवडे एका मालिशवाल्यानं ‘मणका सरकलाय’ म्हणून त्यांची पाठ दाबली होती. मी विचारत गेले तसं कळलं, संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरलंय, रात्री पडून राहिलं तरी दुखणं थांबत नाही. मणक्यावर हलकेच टिचकी मारली तर त्या कळवळल्या. मी उपचार केला नाही, त्याच दिवशी बेळगावला पाठवलं. मणक्याचा क्षय निघाला. पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला असता तर पाय जाऊ शकले असते. काय विचारायचं हे मला पदवीच्या काळात, वॉर्डात उभं राहून कळलं होतं. म्हणूनच मी इतकं आग्रहानं लिहितेय.

पुतण्याला इंटरनेटवर नावांचा गोंधळ दिसेल. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरनं 1874 मध्ये ही पद्धत मांडली आणि 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. आज अमेरिकेतले डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हे पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हातानंच उपचार करतात, पण 1993 च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. कॅनडात ‘ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनर’ असंही नाव चालतं. आपल्याकडे ब्रिटनसारखी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून तर पायाची पदवी भक्कम हवी.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 मध्ये प्रशिक्षणाची पातळी सांगितली आहे: आरोग्याचं आधी काहीच शिक्षण नसलेल्याला 4200 तास, त्यातले किमान 1000 तास देखरेखीखाली रुग्णांवर. आधी आरोग्यशिक्षण झालेलं असेल तर अभ्यासक्रम त्या मानानं कमी करता येतो. सहा महिन्यांचा हिशेब तुम्हीच करून बघा.

बेळगावातच केएलई या शिक्षणसंस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, त्यामुळे मुलगा घरापासून फार लांब जाणार नाही. मी शिकले तेव्हा सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं लागायची. प्रवेशाचे आणि कालावधीचे यंदाचे नियम तेवढे बघून घ्या. पदवीनंतर नोकरी सांभाळून ऑस्टिओपॅथी टप्प्याटप्प्यानं शिकता येते. मी तशीच शिकले, दर काही महिन्यांनी चार-पाच दिवस, बाकी वेळ दवाखाना. तिथं प्रवेश घेताना एकच विचारा: शिक्षकांसमोर किती रुग्ण तपासायला मिळतील? आणि दमा, वंध्यत्व सगळं हातानं बरं होतं असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. कंबरदुखीत या उपचारानं काही जणांना आराम पडतो, तो मी रोज बघते. कवटीवर हलका हात ठेवून करायच्या उपचारांना मात्र भक्कम पुरावा नाही, म्हणून मी ते करत नाही.

आणि पुतण्याला कानडी नीट बोलायला लावा. चिकोडी, संकेश्वरकडचे निम्मे रुग्ण दुखणं कानडीतच सांगतात. फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे परवानगी घेऊन आठ दिवस नुसतं बसू दे त्याला. ऊसतोडीची, मागावरची माणसं कशी उठतात, कशी बसतात ते बघण्यात त्याचं मन रमलं, तर फॉर्म भरा.