अंडवृद्धी म्हणजे अंतर्गळ की हायड्रोसिल?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: आजोबांच्या दुखण्याला घरात अंडवृद्धी म्हणतात, शेजारी अंतर्गळ म्हणतात आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात हायड्रोसिल लिहिलंय. तिन्ही एकच का? आणि अंडकोष म्हणजे आतली गोळी की बाहेरची पिशवी?

आधी अंडकोष. काटेकोर अर्थाने पिशवी. आतली गोळी ते अंड, म्हणजेच वृषण. बोलताना लोक दोन्हींना अंडकोषच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पाठ्यपुस्तकात मात्र वृषण आणि वृषणकोश हीच जोडी बरी, कारण तिथे 'अंड' स्त्रीबीजाच्या वाट्याला गेलंय.

वृषण तयार होतं पोटात, मूत्रपिंडाच्या आसपास. शुक्राणू नीट बनायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड जागा लागते, म्हणून जन्माआधीच ते जांघेतल्या वाटेने खाली उतरतं. उतरताना पोटाच्या आतल्या पातळ पडद्याचा एक फुगा सोबत येतो. पुढे त्याचा वरचा भाग बुजतो आणि खालचा वृषणाभोवती दुपदरी आवरण होऊन राहतो.

आतडं किंवा चरबी जांघेतून खाली सरकली तर अंतर्गळ, म्हणजे हर्निया. त्या दुपदरी आवरणात पाणी साठलं तर हायड्रोसिल. दोन्हींत वृषण स्वतः वाढलेलं नसतं! अंडवृद्धी हे बाहेरून दिसणाऱ्या फुगवट्याचं नाव आहे, आजाराचं नव्हे. जुन्या वैद्यांचा यात गोंधळ नव्हता. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितलेत. त्यातली अंत्रवृद्धी म्हणजे आपला अंतर्गळ, आणि चालताना पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हलणारी मूत्रज वृद्धी हायड्रोसिलशी जुळते. मूत्र अडवल्याने ती होते, हे तिथलं कारण मात्र आज टिकत नाही. ते पाणी लघवीचं नसतं आणि वीर्यही नसतं.

सोलापूरकडे हायड्रोसिल हा शब्द घरोघरी पोचला त्यात हत्तीरोगाचा मोठा वाटा असावा. क्युलेक्स डासातून आलेले जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत, ठाण मांडतात, निचरा बिघडतो, आवरणात पाणी साठतं. हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटतात त्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या रक्तातल्या जंतांच्या पिल्लांसाठी. जुनं, मोठं हायड्रोसिल त्यांनी उतरत नाही. सुईने पाणी काढलं तर बहुधा पुन्हा भरतं. उपाय शस्त्रक्रियाच.

डॉक्टर फरक कसा ओळखतात? अंतर्गळ खोकल्यावर फुगतो, आडवं झाल्यावर बहुधा आत जातो, आणि त्याचं वरचं टोक बोटांत सापडत नाही कारण ते जांघेत गेलेलं असतं. हायड्रोसिलच्या वर बोटं जुळतात, आणि अंधारात टॉर्च लावला तर ते लालसर उजळतं. तान्ह्या बाळाचं आतडंही उजळू शकतं, तेव्हा त्याच्या बाबतीत टॉर्चवर विसंबू नये. बाळाचं हायड्रोसिल बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतं. अंतर्गळ तसा जिरत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते.

आत जाणारा अंतर्गळ एकाएकी अडकला, दुखू लागला, उलट्या झाल्या तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात अचानक जोराची कळ आली तर पीळ पडल्याची शंका घ्यायची. ६ तासांच्या आत तो सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. या दोन्ही वेळी घरात शब्दावर वाद घालत बसू नये, थेट सर्जनकडे न्यावं.